सतराव्या कथेचे अठ्ठेचाळीस गुण

१

गुरुवारी सकाळी महागावच्या पूसकाठ वाचनालयात चोरी झाली नव्हती, कुलूप तुटलं नव्हतं, एक पानही गहाळ झालं नव्हतं. तरीही कार्यवाह पुंडलिकराव नरवाडे यांचा चेहरा असा उतरला होता, की दारातून आत आलेल्या अन्सारभाईंना वाटलं, म्हाताऱ्याचं बीपी वाढलं. त्यांनी आधी पाण्याचा ग्लास पुढं केला आणि मग काय झालं ते विचारलं.

पुंडलिकरावांनी दार लावून घेतलं. वाचनालयात त्या वेळी एक पेपर वाचणारा पेन्शनर सोडला तर कोणी नव्हतं आणि तोही कानानं बहिरा होता. पण पुंडलिकराव गुप्ततेच्या बाबतीत कोणावरच विश्वास ठेवत नसत. त्यांनी कपाटातून संगणकावर छापलेली एक यादी काढून टेबलावर पसरली. पंचेचाळीस ओळी होत्या, पंचेचाळीस कथा. प्रत्येक ओळीत तीन परीक्षकांचे पन्नासपैकी गुण होते.

"सतरावी ओळ पाहा," ते म्हणाले.

अन्सारभाईंनी पाहिली. एका परीक्षकाचे बावीस, दुसऱ्याचे वीस. तिसऱ्याचे अठ्ठेचाळीस.

अन्सारभाई एकतीस वर्षं कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. गाडीतला कापूस मुठीत घ्यायचा, दोन अंगठ्यांमध्ये धागा ओढून पाहायचा आणि कापूस कोणत्या प्रतीचा ते सांगायचं. हजारो गाड्या त्यांच्या हाताखालून गेल्या. शेतकरी आणि सरकार या दोघांच्याही शिव्या न खाता निवृत्त झालेला तालुक्यातला तो बहुधा एकटाच ग्रेडर. त्यामुळं गावात कुठं वाद झाला, की अन्सारभाईंना बोलावणं यायचं. त्यांनाही ते आवडायचं, हे कशाला लपवा.

त्यांनी शांतपणे विचारलं, की एखादी कथा एकाला आवडली आणि दोघांना नाही, तर त्यात एवढं घाबरण्यासारखं काय आहे?

"मीबी असंच म्हणलं," पुंडलिकराव म्हणाले. "पण राहावलं नाही. नावाचं पाकीट फोडलं म्या. सतरावी कथा जीशान शेख नावाच्या मेकॅनिकची हाय, उमरखेडचा. अन् अठ्ठेचाळीस देल्ले नसरीनबाजीनं. तो बाजीच्या सख्ख्या बहिणीचा पोरगा हाय, अन्सारभाई."

२

ते साल दोन हजार सहाचं. कापसानं जिल्ह्याचं नाव देशभर केलं होतं आणि ते कारण, शेतकऱ्यांच्या आत्महत्या, कोणाला अभिमान वाटण्यासारखं नव्हतं. दर आठवड्याला शहरातून गाड्या यायच्या, माणसं उतरायची, आमची गोष्ट लिहून न्यायची. पुंडलिकरावांना त्याचा राग आला. वाचनालयाला पन्नास वर्षं होत होती. त्यांनी कथास्पर्धा जाहीर केली: आपल्या गावची गोष्ट आपणच लिहायची. पहिल्या येणाऱ्या कथेच्या लेखकाच्या गावाला दोनशे पुस्तकांनी भरलेलं कपाट मिळेल. त्यांचा अंदाज शंभर कथांचा होता.

आल्या तेराशे पन्नास.

वह्यांच्या पानांवर, लग्नपत्रिकांच्या पाठीवर, एक तर बियाण्याची पिशवी उसवून तिच्या आतल्या कोऱ्या बाजूवर. त्यातल्या नऊशे कथांचा विषय एकच होता. कोणता, ते सांगायला नको. तीन परीक्षक नेमले गेले: पुसदच्या कॉलेजातले प्राध्यापक रामसिंग राठोड, पांढरकवड्याच्या निवृत्त मुख्याध्यापिका कोकिळाताई वानखेडे आणि उमरखेडच्या एका उर्दू शाळेतल्या शिक्षिका नसरीनबाजी. बाजी उर्दू शाळेत शिकवत असल्या, तरी मराठी वाचनात तालुक्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिघांनी साडेचारशे-साडेचारशे कथा वाचल्या आणि प्रत्येकानं पंधरा बाजूला काढल्या. मग त्या पंचेचाळीसचे झेरॉक्स संच झाले आणि तिघांनीही सगळ्या वाचल्या. गुण द्यायचे होते ते या शेवटच्या फेरीत.

आता इथं पुंडलिकरावांची अक्कल आली. मागच्या वर्षीच्या निबंध स्पर्धेत कोणीतरी गुणपत्रिका चोरून पाहिली होती. तसं पुन्हा होऊ नये म्हणून त्यांनी स्वतः एक कागद तयार केला. पाच ओळी, ओळीत नऊ चौकोन, असे पंचेचाळीस कोरे चौकोन. वर नाव नाही, खाली क्रमांक नाही. संचात कथा ज्या क्रमानं लावल्या आहेत, त्या क्रमानं फक्त आकडे भरत जायचे. चौकोनावर क्रमांक लिहायला परीक्षकांनाही मनाई. कागद कोणाच्या हाती लागला तरी कोणता आकडा कोणत्या कथेचा ते कळू नये. या कागदाचा पुंडलिकरावांना मुलाच्या इंजिनिअरिंगच्या डिग्रीपेक्षा जास्त अभिमान होता.

निकाल रविवारी अकरा वाजता होता. पुंडलिकरावांनी तोडगाही काढून ठेवला होता. बाजींचे गुण वगळायचे. उरलेल्या दोघांच्या बेरजेत अकरावी कथा सेहेचाळीस आणि पंचेचाळीस गुणांनी सरळ पहिली येत होती. निकाल स्वच्छ लागत होता. फक्त परीक्षकांच्या यादीतून बाजींचं नाव काढायचं आणि त्यांच्या शाळेला तसं पत्र पाठवायचं. पत्र टाईप करून तयार होतं.

"बाजी महिन्याभरानं रिटायर होऊन राह्यल्या," अन्सारभाई म्हणाले. "तेहतीस वर्षं नोकरी केल्यावर हे पत्र?"

बातमी कशी फुटली कोण जाणे, पण उमरखेडच्या स्टँडवर लोक बोलायला लागले होते, हे पुंडलिकरावांनी खाली मान घालून सांगितलं.

अन्सारभाईंनी रविवारपर्यंतची मुदत मागितली आणि पहिला संशय घेतला तो यादी टाईप करणाऱ्या अक्षयवर. बावीस-तेवीस वर्षांचा अक्षय वाचनालयाचा संगणक सांभाळायचा. अन्सारभाईंनी बाजींचा मूळ कागद मागितला. पुंडलिकरावांनी तो तिजोरीतून काढला, पण हातात दिला नाही. स्वतः धरून दाखवला आणि हा कागद या खोलीबाहेर जाणार नाही असं बजावलं; छापील यादीची एक प्रत तेवढी न्यायला परवानगी दिली. अक्षयनं यादी वाचली, अन्सारभाईंनी बोट ठेवत चौकोन मोजले. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत आकडा न् आकडा जुळला. कुठं खाडाखोड नव्हती, शाई एकच, अक्षर बाजींचंच.

दुसऱ्या ओळीतला आठवा चौकोन म्हणजे सतरावी कथा. त्यात ठसठशीत अठ्ठेचाळीस लिहिले होते.

३

कोकिळाताईंशी फोनवर बोलणं झालं. त्या म्हणाल्या, की रोज पहाटे दहाच कथा वाचायच्या असा नियम मी केला होता, कारण पन्नासाव्या दुःखी कथेनंतर माणूस दगड होतो आणि एक्कावन्नाव्या लेखकानं काय पाप केलं? नसरीन लबाडी करेल हे त्यांना पटत नव्हतं. पण गुण ऐकल्यावर त्यांनी ते दोनदा पुन्हा सांगायला लावले आणि अन्सारभाईंना ते बरं वाटलं नाही.

शुक्रवारी ते एसटीनं पुसदला गेले. प्राध्यापक राठोड मोकळ्या मनाचे होते. त्यांनी कबूल केलं, की पहिल्या फेरीत आपण पहिलं पान वाचून ठरवत होतो, पण नंतर एक कथा तिसऱ्या पानावर उसळली आणि आपल्याला स्वतःची लाज वाटली. मागच्या सगळ्या पुन्हा काढून वाचल्या.

"भाई, हे काम सोपं नाही," ते म्हणाले. "भुकेल्या पोटी वाचलं की मार्क कमी पडतात, जेवून वाचलं की जास्त. पण बावीसच्या जागी अठ्ठेचाळीस? ती भूक नाही, तो भाचा आहे."

अन्सारभाईंजवळच्या यादीवर त्यांनी अजून एक गोष्ट दाखवली आणि ती जास्त वाईट होती. नुसती सतरावी नाही, जवळजवळ सगळी यादीच बाजींच्या बाबतीत विस्कटलेली होती. जिथं दोघांनी चाळीस दिले तिथं बाजींचे एकवीस, जिथं दोघांनी अठरा तिथं बाजींचे पस्तीस. राठोडांचं मत स्पष्ट होतं. बाजींनी भाच्याला गुण दिले आणि बाकीच्या वाचल्याच नाहीत, मनाला येईल ते आकडे भरले.

तिथून अन्सारभाई उमरखेडला गेले. जीशानचं गॅरेज नांदेड रोडला होतं. तिशीचा दणकट गडी, हात कोपरापर्यंत काळे. कथेचं नाव काढताच तो लाजला. त्याची कथा होती 'काळरात्रीचं इंजिन'. आपलं अक्षर खाला, म्हणजे मावशी, लगेच ओळखेल म्हणून त्यानं ती टायपिंगच्या दुकानातून करून घेतली होती आणि घरात कोणाला सांगितलं नव्हतं.

"खालाले कळलं असतं तर तिनं फाडून टाकली असती," तो म्हणाला. "लहानपणी तिच्या वर्गात होतो मी. घरी खीर खाऊ घाले अन् शाळेत नापास करे."

अन्सारभाईंनी त्याचा चेहरा नीट न्याहाळला. कापसात पाणी मारून आणणारे शेकडो चेहरे त्यांनी पाहिले होते. हा त्यांतला नव्हता. पण बाजींना खरंच माहीत नसेल, तर अठ्ठेचाळीस गुणांचं काय करायचं?

४

त्याच संध्याकाळी उमरखेडला आपल्या घरी नसरीनबाजींनी अन्सारभाईंना बसायला खुर्ची दिली, चहा दिला आणि आवाज न चढवता सांगितलं, की पुंडलिकरावांचा फोन आला होता. सतराव्या कथेला अठ्ठेचाळीस दिले का, एवढंच त्यांनी विचारलं. "मी म्हटलं, मला आकडे पाठ नाहीत, कथा दाखवा. ते म्हणाले, संच परत केल्यावर दाखवता येत नाही, नियम आहे. मग मी म्हटलं, जे लिहिलं ते मीच लिहिलं, त्याच्यावरच राहीन."

पत्राचं त्यांना कळलं होतं. शाळेत निरोप समारंभासाठी मुली गाणं बसवत होत्या, त्यांना ते थांबवायला सांगू का, असं त्यांनी विचारलं. अन्सारभाईंनी अर्धा चहा तसाच खाली ठेवला.

त्यांनी विषय बदलला. एवढ्या कथा वाचल्या कशा, ते विचारलं. बाजींनी एक पातळ वही काढली. शेवटच्या फेरीच्या पहिल्याच दिवशी त्यांनी एक मध्यम कथा निवडली होती. फार चांगली नाही, फार वाईट नाही. तिला अठ्ठावीस गुण दिले. मग रोज सकाळी काम सुरू करण्याआधी तीच कथा पुन्हा वाचायची आणि जुना आकडा न पाहता तिला गुण द्यायचे. वहीत नऊ दिवसांचे नऊ आकडे होते: अठ्ठावीस, अठ्ठावीस, सत्तावीस आणि पुढं सगळे अठ्ठावीस. तिसऱ्या दिवशी सत्तावीस आले, म्हणून त्या दिवसाच्या सगळ्या कथा त्यांनी पुढच्या दिवशी पुन्हा वाचल्या होत्या.

अन्सारभाईंना एकदम खरेदी केंद्राचं आवार आठवलं. दुपारच्या उन्हात सगळाच कापूस पांढराशुभ्र दिसतो. त्यासाठी ते सकाळी ठरवलेला एक नमुना डब्यात ठेवत आणि दर दहा गाड्यांनंतर उघडून बघत. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं आणि दुसरं कोणी करताना त्यांनी पाहिलंही नव्हतं. असं करणारं माणूस मनाचे आकडे भरत नाही. एवढं त्यांना त्या क्षणी पक्कं कळलं.

"बाजी, तुमाले सगळ्यात जास्त कोणती आवडली?"

बाजींच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. "'रडायचं कोणी'. तिला मी अठ्ठेचाळीस दिले. दोन गुण तिच्या शेवटच्या परिच्छेदाचे कापले. एवढं मात्र मला पक्कं आठवतं."

'रडायचं कोणी' ही यादीतली अकरावी कथा, जी उरलेल्या दोघांनी पहिली आणली होती. अन्सारभाईंनी खिशातून अक्षयनं छापलेली यादी काढली आणि अकराव्या ओळीवर बोट ठेवलं. सेहेचाळीस, पंचेचाळीस. आणि बाजींच्या नावाखाली एकोणीस.

बाजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हे मी दिलेले नाहीत," त्या म्हणाल्या.

पण कागदावर अक्षर तर त्यांचंच होतं. ते अन्सारभाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

५

शनिवारी सकाळी अन्सारभाई ओसरीवर यादी पसरून बसले. बायको सुग्राबीनं दोनदा पोह्यांची बशी आणली आणि दोनदा गार झालेली परत नेली. तिसऱ्यांदा तिनं आणलीच नाही.

ते कापसासारखाच विचार करत होते. ग्रेडर थकला, तर त्याची चूक एका अंगाला झुकते. सगळंच चांगलं दिसतं किंवा सगळंच वाईट. बाजींचे आकडे कोणत्याच अंगाला झुकलेले नव्हते. चाळीसच्या वर कोकिळाताईंच्या सहा कथा होत्या, बाजींच्याही सहा. विसाच्या आत राठोडांच्या सात, बाजींच्या सात. म्हणजे माप बरोबर होतं. आणि ग्रेडर लबाड असला, तर त्याची एक गाडी चुकते, चाळीस नाही. भाच्यासाठी एक आकडा फिरवायचा, तर बाकीचे चव्वेचाळीस फिरवून बाजींना काय मिळणार होतं?

मग त्यांनी लाल पेन्सिल घेतली आणि उलट काम केलं. चुकलेले नाही, तर जुळलेले शोधले. तिघांचे गुण जवळपास सारखे असलेल्या ओळींवर खूण केली. पाच खुणा झाल्या. पाचवी कथा, चौदावी, तेविसावी, बत्तिसावी, एकेचाळिसावी.

लागोपाठच्या दोन क्रमांकांमध्ये अंतर नऊचं होतं.

ओळीत चौकोन नऊ. पाचवा म्हणजे बरोबर मधला. प्रत्येक ओळीतला मधला चौकोन शहाणा आणि बाकीचे आठ वेडे, हे कसं? अन्सारभाईंचं डोकं तिथंच अडकलं. चावी कुलुपात गेली होती, फिरत नव्हती.

तेवढ्यात नात गझाला पाठीवर दप्तर टाकून आली. ती उर्दू शाळेत चौथीत होती. तिला चित्रकलेची वही सापडत नव्हती आणि ती रडकुंडीला आली होती. अन्सारभाई स्वतः मराठी शाळेत शिकलेले. उर्दू त्यांना अक्षर लावून वाचता यायची, एवढंच. त्यांनी कपाटावर चिकटवलेलं तिचं वेळापत्रक पाहिलं. शनिवारच्या ओळीत पहिल्या चौकोनात अक्षर लावून वाचलं: खेळ. म्हणाले, की पहिला तास तर खेळाचा आहे, चित्रकला शेवटी आहे, तोवर वही आणून देतो.

गझालानं कपाळावर हात मारला. "नाना, उधर से नहीं, इधर से पढ़ो." तिनं वेळापत्रकाच्या उजव्या कडेला बोट ठेवलं. पहिला तास तिथं होता. चित्रकलेचा.

अन्सारभाई वेळापत्रकासमोर उभेच राहिले. गझालानं त्यांचा सदरा ओढला, सुग्राबीनं हाक मारली, त्यांना काही ऐकू आलं नाही. मग ते खाली बसले, यादी घेतली आणि बाजींचे पहिले नऊ आकडे उलट्या क्रमानं लिहून काढले. मधला जागचा हलला नाही. बाकीचे आठ आपापल्या घरी गेले.

दुसरी ओळ उलटली. अकराव्या आणि सतराव्या कथेनं जागा बदलल्या.

६

रविवारी नऊ वाजता वाचनालयाच्या मागच्या खोलीत सगळे जमले: पुंडलिकराव, अक्षय, राठोड, कोकिळाताई आणि सर्वांत शेवटी बाजी. त्या कोणाकडं न पाहता दारालगतच्या खुर्चीत बसल्या. पत्र टेबलावर होतं. सहीची जागा रिकामी होती.

अन्सारभाईंनी भाषण केलं नाही. खरं तर रात्रभर त्यांनी मनात एक चांगलं भाषण तयार केलं होतं, पण बाजींचा चेहरा पाहून त्यांनी ते सोडून दिलं. त्यांनी पुंडलिकरावांकडून चौकोनांचे दोन कोरे कागद मागून घेतले. एक राठोडांना दिला, एक बाजींना. दोघांना सांगितलं, की एकापासून पंचेचाळीसपर्यंत आकडे भरा, जसे गुण भरले होते तसेच.

राठोड वैतागले. म्हणाले, की ही काय पहिलीची परीक्षा आहे? तरी त्यांनी पेन काढलं. खोलीत दोन पेनांची कुरकुर सुरू झाली. अक्षय बाजींच्या मागं उभा होता. त्यानं पहिले चार आकडे पाहिले आणि त्याच्या तोंडून "अरे बापरे" निघालं.

बाजींनी एक हा आकडा वरच्या ओळीत उजव्या टोकाला लिहिला होता. दोन त्याच्या डावीकडं. तीन त्याच्याही डावीकडं.

"थांबा, बाजी," अन्सारभाई म्हणाले. "तुमच्या शाळेत हजेरीचं रजिस्टर कोठून सुरू होते?"

"उजवीकडून," बाजी म्हणाल्या. "उर्दूचं रजिस्टर आहे, दुसरीकडून कसं होईल?" आणि मग त्यांनी समोरच्या कागदाकडं पाहिलं, शेजारी राठोडांच्या कागदाकडं पाहिलं. त्यांचं पेन हातातच राहिलं.

मग अन्सारभाईंनी सगळं उलगडून सांगितलं. बाजींनी कथा मराठी माणसासारख्या वाचल्या, डावीकडून उजवीकडं. पण पेन घेऊन कोरे चौकोन भरायची वेळ आली, तेव्हा हात तेहतीस वर्षांच्या सवयीनं चालला. प्रत्येक ओळ उजवीकडून भरली गेली. अक्षयनं ती डावीकडून वाचली. चौकोनांवर क्रमांक असते, तर पहिल्याच मिनिटाला कळलं असतं. मधला चौकोन कुठूनही मोजला तरी पाचवाच, म्हणून तेवढे पाच आकडे जुळले. अकरावी कथा दुसऱ्या ओळीत डावीकडून दुसरी, सतरावी उजवीकडून दुसरी. म्हणून 'रडायचं कोणी'चे अठ्ठेचाळीस सतराव्या कथेच्या नावावर चढले आणि सतरावीचे एकोणीस हिच्या.

त्यांनी लाल पेन्सिलीनं सुलट केलेली यादी पुढं ठेवली. राठोडांनी ती हिसकावूनच घेतली. बोट ओळीवरून खाली सरकत गेलं: त्यांचे चाळीस तिथं बाजींचे एकोणचाळीस, त्यांचे अठरा तिथं सतरा. पंचेचाळीस कथांत कुठंही तीन-चार गुणांपलीकडं फरक नव्हता. अकराव्या कथेवर सेहेचाळीस, पंचेचाळीस, अठ्ठेचाळीस. तीन तालुक्यांतली तीन माणसं एकमेकांशी एक शब्द न बोलता, तेराशे पन्नासमधून एकाच कथेवर येऊन थांबली होती. एवढा चांगला निकाल कोणत्याच स्पर्धेत लागला नसेल, असं अन्सारभाईंना वाटलं आणि त्यांनी ते बोलूनही दाखवलं.

"अन् भाच्याले?" पुंडलिकरावांनी हळूच विचारलं.

"एकोणीस," अन्सारभाई म्हणाले. "तिघांत सगळ्यात कमी. सख्ख्या खालानं."

कोकिळाताई उठल्या आणि बाजींच्या शेजारी जाऊन बसल्या. राठोडांनी स्वच्छ शब्दांत माफी मागितली. पुंडलिकराव मात्र आपल्या लाडक्या कागदाकडं पाहत राहिले. तो कागद त्यांनी एकदा जरी तिजोरीबाहेर जाऊ दिला असता, बाजींना एकदा दाखवला असता, तर सतरावी म्हणून त्यांनी डावीकडून दुसऱ्या चौकोनावर बोट ठेवलं असतं आणि विषय तिथंच मिटला असता. सगळ्यांपासून लपवताना त्यांनी खरं काय ते स्वतःपासूनही लपवून ठेवलं होतं.

"चूक माझ्या कागदाची हाय, बाजी," ते अखेर म्हणाले. "मले माफ करा. मी मांडवात सगळ्यांसमोर सांगतो."

त्यांनी पत्र फाडलं. पण बाहेर लोक जमायला लागले होते आणि उमरखेडहून दोन जीपगाड्या भरून आल्या होत्या. स्टँडवर चार दिवस चाललेलं बोलणं एका माफीनं थांबतं का, हे कोणालाच सांगता येत नव्हतं.

७

मांडवात पाचशे माणसं होती. पहिलं बक्षीस जाहीर झालं: केळापूरजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत पोरांची खिचडी शिजवणाऱ्या हंसाबाई टेकाम. त्या इतक्या मागं बसल्या होत्या, की पुढं यायला त्यांना दोन मिनिटं लागली आणि तोवर टाळ्या थांबल्या नाहीत. मग त्यांनी 'रडायचं कोणी' वाचली. गावात दर आठवड्याला टीव्हीवाले येतात आणि रडणारी बाई मागतात. बायका पाळ्या लावून घेतात. पण एका आठवड्यात जिची पाळी असते, तिची पोरगी त्याच दिवशी दहावीला पास होते. कितीही कांदे चिरले तरी तिला रडू येत नाही.

आधी लोकांना हसावं की नाही ते कळेना. मग एका म्हातारीनं तोंडाला पदर लावला, तिच्या शेजारणीनंही लावला आणि नंतर अख्खा मांडव मोकळा झाला. त्या दोन-तीन वर्षांत आमच्या भागात इतकी माणसं एका वेळी हसलेली अन्सारभाईंना आठवत नव्हती.

शेवटी परीक्षकांचा सत्कार होता. राठोड आणि कोकिळाताई यांना टाळ्या मिळाल्या. नसरीनबाजींचं नाव घेतलं आणि मांडव गप्प झाला.

पुंडलिकरावांनी माइकवर सगळं सांगितलं. कागद सांगितला, चौकोन सांगितले, उजवं-डावं सांगितलं, माफी मागितली. लोकांनी ऐकून घेतलं, पण मागच्या रांगेतून कोणीतरी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालं, "कायचं उजवं अन् कायचं डावं. भाचा तो भाचाच." काही जण हसले. बाजी शाल घ्यायला उठल्या होत्या, त्या तिथंच थांबल्या. पुंडलिकरावांची पंचाईत झाली. भाच्याचे खरे गुण सांगितले असते तर तोंडं बंद झाली असती. पण बक्षीस न मिळालेल्या कोणाचेही गुण जाहीर करायचे नाहीत, हा नियम होता. अन्सारभाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. पुंडलिकरावांनी नकाराची मान हलवली. आज ते नियम मोडणार नव्हते आणि या वेळी त्यांचंच बरोबर होतं.

तेव्हा मांडवाच्या मधोमध एक माणूस उभा राहिला. धुतलेला पांढरा कुर्ता आणि कितीही घासले तरी काळेच राहिलेले हात.

"तो भाचा मीच," जीशान म्हणाला. त्याला माइकची गरज नव्हती. गॅरेजमध्ये इंजिनावरून ओरडायची सवय होती. "अन्सारचाचानं मले मांडवात येतानाच सांगतलं. मीच हट्टानं विचारलं. माह्या कथेले खालानं पन्नासपैकी एकोणीस मार्क देल्ले. बाकीच्या दोघांनी बावीस अन् वीस देल्ले, पण घरच्या माणसानं एकोणीस. आता कोणाले अशी खाला पायजे असन, त्यानं घेऊन जावी."

एक क्षण कोणाच्या काही लक्षात आलं नाही. मग पुढच्या रांगेतला एक जण टाळ्या वाजवायला लागला. त्याच्यामागं दुसरा, मग उमरखेडच्या दोन्ही जीपगाड्या, मग सगळा मांडव. माणसं उभी राहिली. जीशान आपल्या एकोणीस गुणांसाठी हात जोडून सगळीकडं वळून नमस्कार करत होता आणि त्याला पाहून हंसाबाईच सगळ्यांत जोरात हसत होत्या.

पुंडलिकरावांनी बाजींसमोर माइक धरला. बाजींनी आधी भाच्याकडं पाहिलं. डोळे भरले होते, पण आवाज वर्गातलाच होता.

"एकोणीस बरोबर आहेत," त्या म्हणाल्या. "मी ती तीनदा वाचली. जीशान, आता खाली बस."

जीशान मुकाट्यानं खाली बसला. बाजींनी शाल आणि नारळ घेतला आणि ताठ मानेनं, टाळ्या अजून चालूच असताना, आपल्या खुर्चीवर जाऊन बसल्या.